प्रेअरीवरच्या वसाहतकऱ्यांचे फोटो कसे वाचायचे? (सॉलोमन बुचर, कस्टर काउंटी आणि आसपास)

माळरान

अमेरिकेत पश्चिमेकडे सरकत गेलेल्या शेतकरी कुटुंबांचे जुने फोटो नेटवर भरपूर फिरतात. मातीचं घर, दारापुढे ओळीने बसलेलं कुटुंब, बाजूला खेचरांची जोडी. खाली मथळा बहुतेक वेळा "गरीब पण कणखर माणसं" अशा धर्तीचा. फोटोत मात्र त्याहून पुष्कळ माहिती असते आणि ती कोणी काढून दाखवत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात सॉलोमन बुचरपासून करू, कारण एकाच भागाचे एवढे फोटो दुसऱ्या कोणी क्वचितच काढले. जन्म १८५६, आजच्या वेस्ट व्हर्जिनियात. १८८० मध्ये वडिलांबरोबर नेब्रास्का राज्याच्या मध्यावरच्या कस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) आला. शेती काही जमली नाही. १८८६ मध्ये त्याने ठरवलं की या काउंटीचा सचित्र इतिहास करायचा. घोडागाडी घेऊन घरोघर फिरायचं, कुटुंबाचा फोटो काढायचा, त्यांची हकीकत लिहून घ्यायची. पुढच्या सात वर्षांत हजारावर काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, झाल्या. मग दुष्काळाने लोकांचे हात आखडले आणि काम थांबलं. १८९९ मध्ये घराला आग लागून लिहिलेल्या हकिकती जळाल्या. काचा धान्याच्या कोठारात होत्या म्हणून वाचल्या. पुस्तक अखेर १९०१ मध्ये निघालं आणि १९१२ मध्ये काचांचा संग्रह राज्याच्या इतिहास संस्थेकडे गेला. आज त्यात सुमारे ३००० निगेटिव्ह आहेत.

माझं म्हणणं असं: हे फोटो गरिबीचे पुरावे म्हणून काढलेलेच नाहीत. कुटुंबाने स्वतः ठरवून दारापुढे काय काय मांडलं, याची ती नोंद आहे. ती वाचायची तर तीन गोष्टी माहीत हव्यात: घर कसं बांधत, जमीन कोणत्या कायद्याने मिळे, आणि त्या काचेवर काय उमटे, काय उमटत नसे. जाणकारांनी भर घालावी.

---

नांगरफाळ

घराचं मी लिहितो.

त्या भागात झाडं फक्त ओढ्याकाठी आणि घळींत. लाकूड दुर्मीळ, तेव्हा माळाचाच वरचा थर सोलून भिंती रचत. याला सॉड म्हणतात. गवताची मुळं इतकी दाट असत की चार इंच जाडीची पट्टी अखंड निघे. त्यासाठी वेगळा नांगर वापरत. साध्या नांगराचा पंखा माती उलथून फोडतो. या नांगराला पंख्याऐवजी लोखंडी सळया असत, त्यावरून पट्टी न मोडता सरकत बाजूला पडे. पट्टी बारा इंच रुंद, मग कुदळीने तीन-तीन फुटांचे तुकडे.

चुका व्हायच्या त्या इथूनच. एका दिवसात रचून होतील तेवढ्याच लाद्या सोलायच्या. रात्रभर राहिल्या की कडा वाळतात आणि उचलताना तुटतात. जमीन कोरडी असताना सोललं तर भुगा होतो, फार ओली असेल तर लादी आपल्याच वजनाने ताणून फाटते.

रचताना गवताची बाजू खाली. दोन किंवा तीन लाद्या शेजारी शेजारी, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, आणि दर काही थरांनंतर एक थर आडवा टाकायचा. तो विसरला तर भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पापुद्रे सुटे होतात आणि एक बाहेर फुगतो. फोटोत एखाद्या भिंतीला बाहेरून लाकडाचे टेकू दिसतात त्याचं एक कारण हे.

हिशोब मांडतो, म्हणजे श्रमाचा अंदाज येईल. बाहेरून १६ बाय २० फुटांचं घर, भिंत दोन फूट जाड, सात फूट उंच. भिंतींचं आकारमान सुमारे ९०० घनफूट. दार-खिडक्या वजा केल्या तर ८५० धरा. एक लादी तीन फूट लांब, एक फूट रुंद, चार इंच जाड म्हणजे बरोबर एक घनफूट. म्हणजे ८५० लाद्या. ओलसर असताना एकेक लादी ३५ किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ३० टन माती हाताने उचलून रचायची. आपल्या मापात सांगायचं तर भिंतींनाच अडीच गुंठे माळ सोलावा लागतो. छप्पर आणि मोडतोड धरून चार गुंठे. आणि एवढं करून आत राहायला मिळते १२ बाय १६ फुटांची एक खोली.

---

कृष्णधवल

नांगरफाळ, छपरावरही लिहा. फोटोत छपरं वेगवेगळी दिसतात, त्यावरून परिस्थिती ओळखता येते का?

---

नांगरफाळ

येते, घरात सगळ्यात जास्त तिथेच.

सगळ्यात स्वस्त छप्पर म्हणजे मधोमध एक आढं, त्यावर वासे, वर झुडपांच्या फांद्या, मग गवत, मग पुन्हा सॉडच्या लाद्या. आढ्याला चांगलं लाकूड लागतं. तिथे घळींतून सीडर मिळे. हे छप्पर पावसात भिजलं की त्याचं वजन प्रचंड वाढतं आणि आढं पिचतं. फोटोत छपराची रेषा मधे खचलेली दिसली तर समजावं की आढं बारीक होतं किंवा खाली मधला खांब नाही. पाऊस थांबल्यावरही आत गळती चालूच राहते, कारण माती पाणी धरून ठेवते. म्हणून छताखाली मांजरपाट ताणून लावत. माती, किडे, कधी साप, जे पडायचं ते त्या कापडावर पडे.

त्याहून बरी परिस्थिती असेल तर वाशांवर फळ्या, फळ्यांवर डांबरी कागद आणि वर पातळ सॉड. हातात पैसे आले की लाकडी कौलांचं छप्पर. फोटोत कडेला फळ्यांची टोकं डोकावताहेत का बघा.

खिडक्याही बघा. मातीच्या भिंती पहिल्या वर्षी बऱ्याच बसतात. चौकटीवर भिंत थेट टेकवली तर काच फुटते. जाणकार माणूस चौकटीच्या वर काही इंच मोकळी जागा सोडून त्यावर खांब आडवे टाकी आणि त्या जागेत चिंध्या कोंबी. भिंत बसली की फट आपोआप भरे. खिडकी तिरकी झालेली, काचेऐवजी फळी ठोकलेली दिसली तर तिथे फट सोडलेली नव्हती.

दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीत खिडकीचा कट्टा चांगला रुंद मिळतो. त्यावर फुलांच्या कुंड्या हमखास दिसतात. आतून चिकणमाती आणि राखेचा गिलावा, वर चुन्याचा हात. असं घर उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, आणि माळावर वणवा आला तरी भिंती पेटत नाहीत. लोक लाकडी घर बांधायला निघायचे ते गळती आणि पिसवांना कंटाळून.

---

सातबारा

कायद्याची बाजू.

होमस्टेड कायद्यावर (वस्ती आणि लागवड करणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या) लिंकनने २० मे १८६२ रोजी सही केली, अंमल १ जानेवारी १८६३ पासून. १६० एकर. वय २१ पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख, नागरिक किंवा नागरिकत्वाचा इरादा नोंदवलेला. अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं, म्हणजे यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात लढलेले सुरुवातीला बाद. पाच वर्षं वस्ती आणि लागवड. फी सगळी मिळून १८ डॉलर. पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरून, म्हणजे २०० डॉलरमध्ये जमीन नावावर करता येई. १८७२ च्या सुधारणेने उत्तरेच्या सैन्यातल्या माजी सैनिकांना नोकरीची वर्षं पाच वर्षांतून वजा मिळू लागली.

अविवाहित स्त्री, विधवा, घटस्फोटिता यांना स्वतःच्या नावाने दावा करता येई. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहितेला सहसा नाही.

१८७३ च्या वृक्षलागवड कायद्याने आणखी १६० एकर मिळत, ४० एकरांवर झाडं लावायच्या अटीवर. ती अट १८७८ मध्ये १० एकरांवर आणली. कस्टर काउंटीच्या फोटोंत घराजवळ काडीएवढी रोपं ओळीत दिसतात, तेव्हा हा कायदा आठवावा. पावसाअभावी त्यातली पुष्कळ रोपं मेली.

एक गोष्ट फोटोत कधीच दिसत नाही. ही जमीन रिकामी नव्हती. पॉनी या तिथल्या मूळनिवासी लोकांनी १८३३, १८४८ आणि १८५७ च्या करारांनी नेब्रास्कातली जमीन सोडली आणि १८७० च्या दशकाच्या मध्यात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. बुचर कस्टर काउंटीत पोचला तो त्यानंतर पाचेक वर्षांनी. "ओसाड माळावर पहिलं पाऊल" असा मथळा दिसला की हे लक्षात ठेवावं.

---

माळरान

सातबारा, फार उपयोगी. तुमच्या मुद्द्यावरून क्रिसमन बहिणींचा फोटो आठवला. चार बहिणी, मागे सॉडचं घर, घोडे. "स्वतःच्या जमिनीवर उभ्या चार स्त्रिया" म्हणून तो सगळीकडे वापरतात. फोटो १८८६ चा. लिझीने पहिला दावा दाखल केला १८८७ मध्ये, ल्यूटीने त्याच्या पुढच्या वर्षी. जेनी रूथ आणि हॅटी वयात यायच्या होत्या, त्यांचे दावे १८९२ चे. म्हणजे फोटो काढला त्या दिवशी चौघींपैकी एकीच्याही नावावर होमस्टेडचा दावा नव्हता. बहिणींचं कर्तृत्व यामुळे कमी होत नाही, पण मथळा चुकतो. फोटोचं साल आणि दाव्याचं साल शेजारी ठेवून पाहणं ही पहिली सवय लावून घ्यावी.

---

कृष्णधवल

आता काचेबद्दल. इथे गैरसमज सगळ्यात जास्त.

हसत का नाहीत? "एक्सपोजर लांब होतं म्हणून" हे उत्तर १८४० च्या दशकातल्या डॅगेरोटाइपला (धातूच्या चकचकीत पत्र्यावरच्या सुरुवातीच्या फोटोंना) बऱ्यापैकी लागू पडतं. १८८६ ला नाही. बुचरकडे जिलेटिनच्या कोरड्या काचा होत्या, साडेसहा बाय साडेआठ इंची. भर उन्हात त्यांना सेकंदाचा अंशही पुरे. गंभीर चेहरा हा पोर्ट्रेटचा शिष्टाचार होता. हलल्याच्या खुणा हव्या असतील तर कुत्र्याचं शेपूट, घोड्याचे कान आणि आईच्या मांडीवरचं बाळ पाहा.

बाहेर का बसवलं? आत उजेड नाही. मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर १८८७ मध्ये जर्मनीत निघाली. खेड्यापाड्यात फिरणाऱ्याच्या हाती ती लगेच येणार नव्हती. त्यामुळे घरातल्या दाखवण्याजोग्या वस्तू बाहेर आल्या: शिवणयंत्र, पक्ष्याचा पिंजरा, चांगल्या खुर्च्या.

सगळे काळ्या कपड्यांत का? त्या काळच्या साध्या काचांना निळा आणि अतिनील प्रकाशच चांगला उमटे. तांबडा जवळजवळ उमटतच नसे. म्हणून लाल, विटकरी, गडद हिरवा कपडा छापात काळा दिसतो, फिका निळा पांढरा होतो. निळे डोळे भुतासारखे फिके दिसतात, उन्हाने रापलेला चेहरा असतो त्याहून काळवंडलेला दिसतो. काळ्या झग्यावरून घरात कोणी वारलं असा निष्कर्ष काढू नये. आकाश कोरं पांढरं दिसतं तेही याचमुळे, त्यावरून त्या दिवशी ढग नव्हते असं ठरत नाही.

कोरड्या काचेने नेमकं काय बदललं? आधीच्या ओल्या कलोडियनच्या (एका चिकट द्रावणाच्या) पद्धतीत काचेवर थर ओतायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. सगळं मिळून हाताशी दहाएक मिनिटं. म्हणजे अंधारखोली गाडीतच हवी. माळावरच्या धुळीने आणि उन्हाने काच वाया जायची. कोरडी काच कारखान्यातून तयार डब्यात येई आणि डेव्हलपिंग नंतर सवडीने करता येई. बुचर दिवसाकाठी दूरदूरची घरं घेऊ शकला तो यामुळे.

---

अभ्यागत_मिरज

हिल्टन कुटुंबाच्या फोटोत मोकळ्या रानात पायपेटी ठेवलेली आहे. ती तिथे का?

---

माळरान

तो १८८७ चा. बाईंना पूर्वेकडच्या नातेवाइकांना दाखवायचं होतं की आपल्याकडे पायपेटी आहे, पण आपण मातीच्या घरात राहतो हे दिसू द्यायचं नव्हतं. म्हणून पेटी घरातून ओढत बाहेर रानात आणली, तिच्याभोवती कुटुंब उभं केलं, फोटो झाल्यावर पेटी परत आत. धाग्याच्या सुरुवातीला मी म्हटलं त्याला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. घर चौकटीबाहेर ठेवण्याचा निर्णयही त्या पोर्ट्रेटचा भाग आहे.

रॉडिंग कुटुंबाचा १८८६ चा फोटो याच्या उलट. टेबल बाहेर मांडलंय, त्यावर कलिंगड आहे आणि गाय छपरावर उभी दिसते. घर टेकडीच्या उतारात खोदून बांधलेलं आहे, गाय मागच्या उतारावर आहे. कलिंगड पिकलं म्हणजे उन्हाळ्याची अखेर हेही त्यातून कळतं.

---

दस्तऐवज

बुचर स्वतः काचेवर हात चालवत असे, ते सांगायला हवं.

स्वेन फिंच नावाच्या पशुपालकाचा एक फोटो आहे, १८७६ च्या टोळधाडीत तो टोळ कसे मारत होता ते दाखवणारा. घटना १८७६ ची, फोटो कित्येक वर्षांनंतरचा, आणि टोळ बुचरने निगेटिव्हवर हाताने काढलेले. १९०१ च्या पुस्तकाला पैसा याच फिंचने पुरवला. तोंडं झाकून कुंपणाची तार तोडणाऱ्यांचा प्रसिद्ध फोटोही १८८५ च्या घटनेचा नंतर घडवलेला देखावा आहे.

ओळखायचं कसं? निगेटिव्हवरचा थर टोकदार वस्तूने खरवडला तर तिथून प्रकाश आरपार जातो आणि छापात काळी रेघ येते. काचेवर शाई लावली तर प्रकाश अडतो आणि छापात पांढरा ठिपका येतो. त्यामुळे पांढऱ्या आकाशात कडक काळे, सावली नसलेले, सगळे सारख्याच तीक्ष्ण कडांचे कीटक किंवा पक्षी दिसले तर ते खरवडलेले समजावेत. खरा उडणारा पक्षी त्या काचेवर फरफटलेला येईल.

---

सातबारा

मग हे देखावे पुरावा म्हणून बाद करायचे का?

---

दस्तऐवज

घटनेचा पुरावा म्हणून बाद, आठवणीचा पुरावा म्हणून नाही. १९०० च्या सुमाराला काउंटीतल्या लोकांना पशुपालकांच्या बेकायदा कुंपणाशी झालेला झगडा कसा आठवायचा होता, ते त्या तार तोडण्याच्या फोटोत आहे. फक्त खाली "१८८५ चा फोटो" असं लिहू नये.

---

नांगरफाळ

इथे माझं थोडं वेगळं मत. देखाव्यातही अवजारं, कपडे, घोड्यांचं सामान खरंच असतं, पण ते १९०० चं. १८८५ चं म्हणून त्यातलं काहीच घेऊ नये, आठवण म्हणून अभ्यास करणाऱ्यांनीसुद्धा.

---

कृष्णधवल

बुचरच्या बाहेरचे, साल नसलेले फोटो कोणाला तपासायचे असतील तर:

चुंबक चिकटला तर टिनटाइप, कारण पत्रा लोखंडाचा. १८५६ नंतरचा. टिनटाइप आरशातल्यासारखा उलटा असतो, म्हणून शर्टाची बटणं उलट बाजूला आणि अंगठी दुसऱ्या हातात दिसते. त्यावरून कोणाला डावखुरा ठरवू नये. धरून हलवल्यावर आरशासारखा चमकतो आणि एका कोनात निगेटिव्ह दिसतो तो डॅगेरोटाइप, १८३९ नंतरचा.

पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागदी फोटो साधारण अडीच बाय चार इंची असेल तर कार्त द व्हिझीत. सव्वाचार बाय साडेसहा असेल तर कॅबिनेट कार्ड, १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचं. मागे महसुलाचं तिकीट असेल तर तारीख जवळपास हातात आली: फोटोंवरचा तो कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच होता.

उभ्या माणसाच्या टाचांमागे लोखंडी बैठक डोकावते, ती डोकं स्थिर ठेवायच्या आधाराची. त्यावरून "प्रेत उभं केलंय" अशा पोस्ट फिरतात. तो दांडा जिवंत माणसाला स्थिर राहायला मदत करण्यापुरता असतो, मृत शरीराचं वजन त्याने पेलणार नाही.

---

माळरान

फोटोच्या आधीचंही दोन ओळींत नोंदवतो. केंटकीच्या वसाहतीसाठी प्रसिद्ध असलेल्या डॅनियल बूनचं प्रत्यक्ष समोर बसवून केलेलं एकच चित्र आहे. चित्रकार चेस्टर हार्डिंग जून १८२० मध्ये सेंट लुईसहून त्यासाठी मिसुरीत आत गेला. बून तेव्हा ८५ वर्षांचा, इतका अशक्त की बसताना त्याला आधार द्यावा लागला. सप्टेंबरमध्ये तो वारला. हार्डिंगने त्यावरून पूर्णाकृती चित्र केलं, ते खराब झाल्यावर चेहऱ्याचा भाग कापून ठेवला. पूर्णाकृती रूप कसं होतं ते जेम्स ऑटो लुईसच्या कोरीव छापावरून कळतं. बूनच्या डोक्यावर रॅकूनच्या कातड्याची टोपी दाखवतात ती पुढच्या काळातली भर. तो फेल्टची हॅट घालत असे.

---

दस्तऐवज

गावोगाव फिरणाऱ्या चित्रकारांबद्दल एक दंतकथा अजून चालते, की ते हिवाळ्यात बिनडोक्याची शरीरं रंगवून ठेवत आणि उन्हाळ्यात गिऱ्हाइकाचं डोकं जोडत. असं अर्धवट चित्रांचं भांडार कुठे सापडलेलं नाही. कपडे आणि पोझ सारखी दिसतात कारण चित्रकाराची ठरलेली सूत्रं होती आणि त्यांनी वेळ वाचे. विल्यम मॅथ्यू प्रायरने तर छाया-प्रकाश न दाखवता सपाट चित्र पाव किमतीत देण्याची जाहिरात केली होती. सपाटपणा नेहमी अडाणीपणातून येतो असं नाही, कधी गिऱ्हाइकाने तेवढेच पैसे दिलेले असतात.

---

अभ्यागत_मिरज

शोअर्स कुटुंबाचा उल्लेख कोणी केला नाही. त्यांच्याबद्दल काय माहिती?

---

माळरान

बरं झालं विचारलंत. जेरी शोअर्स, पूर्वी गुलामगिरीत होता. वेस्टरव्हिलजवळ कस्टर काउंटीत जमीन घेतली, बुचरचा फोटो १८८७ चा. शेजारी त्याच्या भावांचे दावे होते, मोझेस स्पीस आणि हेन्री वेब. तिघा भावांची आडनावं वेगळी, कारण प्रत्येकाला आपापल्या मालकाचं आडनाव लागलं होतं. स्पीस कुटुंबाचाही फोटो बुचरने काढलाय. दोन्ही फोटो वेगवेगळे पाहिले तर नातं कळणारच नाही. आडनावावरून नातेवाईक शोधणाऱ्यांनी अशा ठिकाणी जमिनीचे शेजार पाहावेत.

---

अभ्यागत_मिरज

आणि हे शेजार कुठे पाहायचे?

---

सातबारा

मालकीपत्राची प्रत केंद्र सरकारच्या भूमी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव आणि राज्य टाकून मोफत मिळते. त्यावर जमिनीचं वर्णन असतं: कितवा टाउनशिप, कितवा रेंज, कितवा सेक्शन, कोणता चतुर्थांश. टाउनशिप सहा मैल बाय सहा मैल, त्यात ३६ सेक्शन. एक सेक्शन ६४० एकर, त्याचा चतुर्थांश म्हणजे आपले १६० एकर. १६ आणि ३६ क्रमांकाचे सेक्शन शाळांसाठी राखीव, तिथे होमस्टेड शोधू नका. सेक्शनचे आकडे वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू होऊन डावीकडे जातात, मग खालच्या ओळीत उजवीकडे, असे नागमोडी. हे विसरलं की शेजारी चुकतात: ६ च्या खाली ७ येतो, १२ नाही.

खरा खजिना मूळ फाइलीत, राष्ट्रीय अभिलेखागारात. नेब्रास्काच्या फाइली स्कॅन झालेल्या आहेत. पाच वर्षांनंतर मालकी पक्की करताना अर्जदार आणि दोन साक्षीदार शपथेवर सांगत: घर किती बाय किती, छप्पर कशाचं, विहीर किती खोल, किती एकर माळ नांगरून लागवडीखाली आणला, कुंपण किती, कुटुंबात माणसं किती, मधे किती दिवस गैरहजर. फोटोतलं घर आणि फाइलीतलं घर ताडून पाहा.

---

नांगरफाळ

ताडताना तारखेकडे लक्ष असू द्या. शपथ दाव्यानंतर पाच ते सात वर्षांत होते. तोवर सॉडला बहुधा लाकडी खोली जोडलेली असते, किंवा जुनं घर गोठा झालेलं असतं. फाइलीत "लाकडी घर, १४ बाय १६" आणि फोटोत माती दिसली म्हणून माणूस चुकला असं ठरवू नका. फोटोत मागे दुसरं बांधकाम आहे का ते आधी पाहा.

---

कृष्णधवल

आणि ते पाहायला छोटी जेपीजी प्रत वापरू नका. या काचांवरून कॉन्टॅक्ट प्रिंट निघत, म्हणजे छाप काचेएवढाच, आणि काचेत तपशील अफाट असतो. इतिहास संस्थेने मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केल्यावर, छापात निव्वळ काळे दिसणारे दार-खिडक्यांचे चौकोन उजळवता आले आणि आतल्या वस्तू दिसू लागल्या. मोठी फाइल उतरवून घ्या, फक्त दाराचा भाग निवडा, काळ्या छटा वर उचला, उरलेल्या चित्राला हात लावू नका. सगळं चित्र एकदम उजळवलं तर भिंतीवरच्या लाद्यांचे सांधे पुसले जातात, आणि नांगरफाळ यांनी सांगितलेला आडवा थर मग शोधता येत नाही.